गच्चीवरच्या खोलीतलं हळदीकुंकू

काळी साडी दिसली की बाई आपल्यातली, असा मी कोलकात्यात आल्यापासून एक नियम करून ठेवला होता. अर्थात जानेवारीपुरता. इथे शुभकार्याला काळं नेसून कोणी बंगाली बाई घराबाहेर पडणार नाही. संक्रांतीला हौसेने काळं नेसतो ते आपणच. त्यामुळे हळदीकुंकवाच्या दिवशी हॉटेलच्या लिफ्टमध्ये काळ्या साडीतली एक तरुण बाई शिरली, तेव्हा मी तिळगुळाचे डबे छातीशी सावरत सरळ मराठीत सुरू झालो — "या या! बराकपूरहून ना? लवकर आलात. हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे. तीनला सुरू करतोय, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेतीन..."

ती नुसती बघत राहिली. इथे वाढलेल्या आपल्या मुलींचं मराठी कच्चं असतं, हे मला ठाऊक. म्हणून मी उदार मनाने हिंदीत उतरलो. हळदीकुंकू म्हणजे काय, तिळगूळ का देतात, काळंच का नेसतात... दुसरा मजला येईपर्यंत सगळं सांगून झालं.

"मुझे बुला रहे हैं?" तिने विचारलं.

"आप ही को! सब औरतों को बुलाया है."

"सबको?" ती जरा हसली. "मुझे भी लगाएँगे, हल्दी-कुमकुम?"

"नहीं आओगे तो मेरी बीवी मेरे को डाँटेगी," मी म्हणालो. माझं हिंदी हे असं आहे.

दार उघडलं तर समोर हॉटेलचे मॅनेजर पालबाबू उभे. तिला बघून त्यांचं हसू होतं तिथेच राहिलं, पण डोळे बदलले. बंगालीत खालच्या आवाजात काहीतरी म्हणाले. ती लिफ्टमध्ये मागे सरकली आणि लिफ्ट तिला घेऊन वर गेली. मी पालबाबूंना अभिमानाने सांगितलं, "हमारी गेस्ट हैं." ते म्हणाले, "हाँ दादा, हाँ. शोब गेस्ट."

पुढे जाण्याआधी एक सांगायला हवं. या सदरात लोक भुताखेतांचे जे अनुभव लिहितात त्यातलं मी आजवर काहीही मानलेलं नाही. बँकेत माझी निम्मी नोकरी ऑडिटमध्ये गेली; ज्याला व्हाउचर नाही ते घडलंच नाही, अशी आमची शिकवण. सासुरवाडीला परसात एक 'बाई' कण्हते असं तीन पिढ्या मानत होत्या. तो आवाज टाकीतल्या बॉलकॉकचा आहे, हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळसणाला शिडीवर चढून सिद्ध केलं. सासऱ्यांनी मला अजून माफ केलेलं नाही. तर असा मी... आणि आता हे लिहितोय.

आम्ही राहतो न्यू टाउनला. नाशिकहून बदली झाली, मुलगी पुण्यात शिकते, इथे मी आणि शुभदा. न्यू टाउनात आयटीतली आपली बरीच कुटुंबं आहेत, बराकपूरला आर्मीतली थोडी, बाकी आमच्यासारखी बदलीवाली. सगळ्यांना सोयीचं पडेल असं ठिकाण शोधायचं काम माझ्याकडे आलं. शुभदा म्हणाली होती की फक्त हॉल बघा, बाकी कशात लक्ष घालू नका. मी व्हीआयपी रोडवरून आत, बागुईहाटीच्या बाजूला एक चार मजली हॉटेल बघून आलो. स्वच्छ, पार्किंगला जागा, मॅनेजर गोडबोल्या. पालबाबूंनी मला दोनदा सांगितलं, "उश दिन फुल फॅमिली अ‍ॅटमॉस्फियर रखेगा दादा, आप निश्चिंत." मला वाटलं, फुलांच्या माळा वगैरे लावणार असतील. ऑफिसात हॉटेलचं नाव सांगितल्यावर दोन तरुण मुलं एकमेकांकडे बघून हसली. मला वाटलं, माझ्या बंगाली उच्चाराला हसली.

असो. दुपारी बायका जमल्या. हॉल काळ्या साड्यांनी भरून गेला. शुभदा दाराशी हळदीकुंकवाचं तबक घेऊन बसली होती, शेजारी वाणाला ज्यूटचे बटवे आणि तिळगूळ. तिळगूळ यंदा तिने नोलेन गुळाचा केला होता. इकडचा तो खजुराचा गूळ वासाला स्वर्ग, पण वड्या काही केल्या धरेनात. म्हणून प्रत्येकीला चमच्याने द्यावा लागत होता. सहस्रबुद्धे काकू, आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ, म्हणाल्या, "शुभदा, हा तिळगूळ आहे की च्यवनप्राश?" पुरुष असा मी एकटाच. कॉफीच्या थर्मासपाशी माझी नेमणूक होती आणि तिथून हलायचं नाही असा हुकूम.

मध्येच वीज गेली. पालबाबू लगेच येऊन सांगून गेले की काळजी नको, तुमच्यासाठी जनरेटर लावलाय. वर कुठेतरी धडधड सुरू झाली, दिवे आले, माईक आला. लिफ्ट मात्र जनरेटरवर नव्हती. उखाणे सुरू झाले.

आणि तेव्हा मला ती दिसली. लिफ्टमधली. शुभदासमोर वाकून उभी होती. मला बरं वाटलं. आपण बोलावलेलं माणूस आलं की वाटतंच. मी थर्मासपाशी उभा राहून लांबूनच हात हलवला; तिने पाहिलं नसावं. शुभदाने तिला हळद लावली, मग कुंकू. नंतर काहीतरी झालं आणि दोघी हसल्या. काय ते मला शुभदाने नंतर सांगितलं — त्या थंडीतही पोरीच्या कपाळावर घाम होता, त्यामुळे कुंकू डाव्या भुवईकडे ओघळलं. शुभदा करंगळीने पुसायला गेली, तर ते आणखी पसरून त्याला शेपूट फुटलं. "सॉरी हं," शुभदा म्हणाली. तिने वाण पुढे केलं. तर ती पोर हात पुढे करेना.

"भाभी, ऊपर आके दीजिए ना," ती म्हणाली. "छत वाले कमरे में हूँ. बाहर से बंद है."

शुभदाला वाटलं, वर लहान बाळबीळ झोपलं असेल. ती तबक ठेवून उठेपर्यंत मागून दोघीजणी पुढे आल्या, आणि ती गर्दीत कुठे गेली ते दिसलं नाही. शुभदाने मला खुणेने बोलावलं. "अहो, ती लिफ्टमध्ये भेटलेली बराकपूरची आहे ना तुमची, मेजर जगतापांची मिसेस, ती वर गच्चीवरच्या खोलीत आहे म्हणाली. तिथे कशाला गेलीय कोण जाणे. हे वाण आणि तिळगूळ देऊन या जरा."

मी बटवा आणि तिळगुळाची वाटी घेऊन निघालो, तर दारातच एक उंच, आखूड केसांची बाई आली. काळी साडी आणि पायात स्पोर्ट्स शूज. "सॉरी, ट्रॅफिकमध्ये अडकले. मी जगताप."

"अरे वा! मेजरसाहेब नाही आले?"

"मीच मेजर," ती म्हणाली. "आर्मीत डॉक्टर आहे. आमचे हे घरी वांग्याचं भरीत करतायत."

म्हणजे एका दिवसात दुसरा गाढवपणा. पण मग... ती काळ्या साडीतली कोण? वाण तसंच हातात घेऊन मी जिने चढायला लागलो. माझे गुडघे दोन मजल्यांनंतर तक्रार करतात. त्यांचं न ऐकता गच्चीवर पोचलो. तिथे जनरेटर धडधडत होता आणि हिवाळ्यातल्या जड हवेत त्याचा धूर हलत नव्हता. त्याला अगदी खेटून एक खोली. वर हवेसाठी एक छोटी झडप, तीही जनरेटरच्या बाजूला. दाराला बाहेरून कडी, आणि कडीला हे एवढं कुलूप.

मी दार वाजवलं. "ओ ताई... बहनजी!" काही नाही. माझेच डोळे चुरचुरायला लागले. दार पुन्हा जोरात वाजवलं. आतून काहीच नाही.

मी जेवढ्या वेगाने उतरू शकतो त्याहून वेगाने उतरलो. पालबाबू हॉलच्या दाराशीच होते. मी धापा टाकत म्हणालो, वरच्या खोलीची किल्ली द्या, आत कोणी बाई आहे. ते म्हणाले, कोई नहीं है दादा, स्टोअररूम है. मी म्हणालो, अहो, आत्ता खाली येऊन सांगून गेली ती. तेव्हा ते हसून म्हणाले —

"कैसे आएगी? बारह बजे से ताला है. चाबी तो इधर मेरा पॉकेट में."

म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं. मग भराभर समजवायला लागले. इथे काही लडकीलोग 'काम' करतात, सगळ्याच हॉटेलांत असतं, आप तो समझते हैं दादा. पण फॅमिली पार्टी असली की त्यांना खाली फिरकू देत नाही. आज एकच होती, तिला वर ठेवलं, संध्याकाळी सोडणारच होतो. "आप लोग के लिए ही किया."

फुल फॅमिली अ‍ॅटमॉस्फियर म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.

शुभदा मागे कधी येऊन उभी राहिली, मला कळलं नाही. तिच्या हातात तबक होतं. तिच्या मागे जगताप, आणि त्यांच्या मागे एकेक करत काळ्या साड्या जमायला लागल्या. उखाणा घेता घेता एकजण माईक तसाच हातात घेऊन आली होती. शुभदाने डावा हात पुढे केला.

"किल्ली," ती म्हणाली. मराठीतच.

पालबाबूंनी दिली.

जगताप दोन-दोन पायऱ्या ओलांडत गेल्या. माझ्या आयुष्यात मी एवढ्या वेगाने साडी जिना चढताना पाहिलेली नाही. मी पोचलो तोवर त्यांनी जनरेटर बंद केला होता आणि कुलूप काढलं होतं. पोर दाराशीच पडली होती, हात दाराकडे. शुद्ध नव्हती. त्यांनी तिला काखेत धरून ओढत मोकळ्या हवेत आणलं, कठड्याच्या बाजूला निजवलं, हनुवटी वर केली, नाकाशी गाल नेला. "श्वास आहे," त्या म्हणाल्या. "कमी आहे, पण आहे. ऑक्सिजन असलेली अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, आत्ता."

मी फोन लावत होतो म्हणून आधी माझं लक्ष गेलं नाही. शुभदाने माझा दंड धरला. तिची बोटं रुतली.

पोरीच्या कपाळावर हळदीकुंकू होतं.

हळद आणि तिच्यावर कुंकू, आपल्या पद्धतीने. इथे सिंदूर लावतात, पण कपाळाला अशी हळद कोणी लावत नाही. कुंकू शुभदाचं, तिच्या माहेरून वाईहून येतं ते, किंचित काळसर लाल. आणि डाव्या भुवईकडे ओघळलेलं त्याचं शेपूट. करंगळीने पसरलेलं.

आम्ही दोघं बघत होतो. मग ती खोकली. जगताप तिला कुशीवर वळवत म्हणाल्या, "शाब्बास, और खाँसो, और." ती आणखी खोकली, आणि डोळे उघडले. मला सांगायला लाज नाही, मी तिथेच, हातातल्या तिळगुळाच्या वाटीसकट, पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसलो आणि रडलो. तो सुटकेचा श्वास म्हणतात तो पुस्तकात वाचला होता. त्याला आवाज असतो, हे माहीत नव्हतं.

पण पालबाबूंचं संपलं नव्हतं. अ‍ॅम्ब्युलन्स आल्याचं कळल्यावर ते वर आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, दादा, पुढच्या दारातून नको. मागे जिना आहे, गाडी लावतो, कोणाला दिसणार नाही, तुमच्या मंडळाचंही नाव राहील. याआधीही कोणी आजारी पडलं तर आम्ही मागूनच पाठवतो. त्यांचा स्वर इतका काळजीचा होता की क्षणभर मीही मान हलवली असती. सहस्रबुद्धे काकू जिन्यावरून एकेक पायरी चढत कशाबशा वर आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. त्या म्हणाल्या, "हिला कोणत्या दाराने आणलं होतंस रे तू, पहिल्या दिवशी?" पालबाबूंना मराठी कळलं नाही. पण ते बाजूला झाले.

तर ती पोर पुढच्या दारातून गेली. स्ट्रेचरवर, अंगावर काकूंची शाल, आणि रिसेप्शनपासून रस्त्यापर्यंत दोन्ही बाजूंना काळ्या साड्यांतल्या बायका. बाहेर रिक्षावाले थांबून बघत होते. जगताप सोबत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो. तिला आपण झुमा म्हणू. उशीला टेकून बसली होती, चहात बिस्कीट बुडवून खात होती. आवाज बसला होता, बाकी ठीक. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर सांगता येत नव्हतं. मला पाहून ती हसली, "लिफ्ट वाले बाबू." कपाळ पुसलेलं होतं, नर्सने रात्रीच तोंड धुतलं म्हणे.

शुभदाने तिला विचारलं, तू खाली आली होतीस ना? ती म्हणाली, नाही. दार खूप वाजवलं, पण जनरेटरच्या आवाजात कोण ऐकणार. मग डोकं जड झालं. "मन में यही था कि बुलाया है, जाना है. उठ रही थी... फिर पता नहीं." बटवा आणि तिळगूळ शुभदाने बरोबर नेला होता. झुमाने वाटीत बोट घालून चाखला आणि म्हणाली, "ये तो हमारे नोलेन गुड़ का है."

मग आपणहून हॉटेलचं सांगायला लागली, अगदी घरगुती गोष्ट सांगावी तसं. गिऱ्हाईक पाठवणार मॅनेजर, खोली देणार मॅनेजर, त्याचा हिस्सा आधी. पोलीस येणार असले की मागच्या जिन्याने खाली, लग्नाची पार्टी आली की गच्चीवर. तिथे पाणीही नसतं. "ग्राहक आए तो हम होटल के. फ़ैमिली आए तो पूछते हैं, ये कौन है."

तिचं पुढे काय झालं, हे लोक विचारतात म्हणून सांगतो. जगतापांनी आणि आम्ही मिळून तक्रार दिली. पालबाबू आता तिथे नाहीत, आणि ती खोली पाडली याची मी खात्री करून आलो आहे. पुढचं चालू आहे, चालू राहील. झुमा त्या हॉटेलात जात नाही. काम तेच करते. आम्ही उपदेश करायला गेलो नाही, आणि तिने मागितलाही नाही. अधूनमधून शुभदाला फोन करते. नवीन जागेत आतून कडी आहे का, एवढंच शुभदाने विचारलं होतं. आहे म्हणाली.

आता माझ्यातला ऑडिटर. मी सगळं तपासलं. दुसरी किल्ली? नव्हती. पालबाबूंनी पोलिसांनाही तेच सांगितलं, आणि ते सांगून त्यांचं स्वतःचंच वाटोळं झालं. खोट्याने वाचता आलं असतं तिथे माणूस असं खरं कशाला बोलेल? दुसरीच कोणी तिच्यासारखी बाई? मग ते कपाळ? झडपेतून मूल जाणार नाही. कॅमेरे? वीज गेली तेव्हा ते बंद पडले. जनरेटर आमच्या माईकला होता, कॅमेऱ्यांना नव्हता. शुभदाने कपाळ पाहिलं, मी पाहिलं, जगतापांनीही पाहिलं. जगताप म्हणतात, मी त्या वेळी श्वास बघत होते, कपाळाचं मला विचारू नका. आणि मग म्हणतात, पण होतं.

शिडीवर चढून बघता येईल असा बॉलकॉक मला यात कुठेच सापडलेला नाही. उत्तर माझ्याकडे नाही, आणि खरं सांगू का, नाही त्याचा त्रासही होत नाही. पोर जिवंत आहे. एवढं एक व्हाउचर पुरे.

पण तेव्हा पुरे वाटत नव्हतं. दवाखान्यातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा घेत मी शुभदापुढे हे सगळं पुन्हा मांडत बसलो होतो — किल्ली, झडप, वेळ, कुंकू. शुभदा उरलेला तिळगूळ डब्यात भरता भरता थांबली.

"अहो, तुम्ही बोलावलंत, ती आली," ती म्हणाली. "त्यात एवढं काय डोकं खाताय? मला न कळलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या पोरीला कुलूप घालून, किल्ली खिशात टाकून तो माणूस खाली आला, आणि मला विचारतो, मॅडम, कॉफीत साखर कमी ठेवू ना? हे कसं जमतं हो माणसाला?"